श्वासाचं रोज करतो मॅडम, तरी बीपी उतरत नाही

"मॅडम, रोज प्राणायाम करतो तरी बीपी तेवढंच." ताण कमी करायला माझ्याकडे येणाऱ्या किती जणांच्या तोंडून हे ऐकलंय! आणि त्याच्या मागोमाग ठरलेला प्रश्न, गोळी कधी बंद होणार? म्हणून आज एका काकांबद्दल लिहितेय, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

काका एसटी स्टँडवर कंट्रोलर. गाड्यांच्या नोंदी करायच्या, माईकवरून पुकारायचं आणि गाडी लेट झाली की खिडकीत तोंड घालून ओरडणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं. वरचं बीपी सारखं दीडशेच्या पुढे. डॉक्टरांनी गोळी चालू केली आणि टेन्शन कमी करा म्हणून माझ्याकडे पाठवलं. (टेन्शन कमी करा हे सांगायला काय जातं, असो.)

मी म्हटलं, काय करता ते करून दाखवा बरं.

काका सतरंजीवर ताठ बसले आणि भस्त्रिका सुरू! खांदे कानाला टेकलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या, तोंड लालबुंद. थांबल्या थांबल्या पिशवीतून मशीन काढलं, दंडाला पट्टा गुंडाळला. १५६.

"बघा," मला म्हणाले, जणू मीच वाढवलं.

"कुठं शिकलात हे?"

"टीव्हीवर. जोर लावल्याशिवाय काय होणार आहे?"

इथेच सगळं आलं. मी आधी शरीर शांत करायचं, मग मन, या मताची आहे, माझ्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना ते पटत नाही, पण मी वर्षानुवर्षं हेच बघतेय की बीपीवाला माणूस श्वासाकडूनसुद्धा ड्युटी करून घेतो, टार्गेट लावतो आणि लगेच रिझल्ट मागतो. खरं तर भस्त्रिका, कपालभाती असले जोरकस प्रकार आणि श्वास कोंडून धरणं हे वाढलेल्या बीपीत टाळायलाच सांगतात. उपयोग होतो तो संथ श्वासाचा. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, ते सहाच्या आसपास आणायचे. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी यंत्रणा असते, संथ श्वासात ती जास्त तत्परतेनं काम करते आणि श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. म्हणजे महत्त्वाचं काय, तर सोडणं. घेणं आपोआप होतं.

हे सगळं काकांना सांगितलं, चार आकडे घ्या, सहा आकडे सोडा. पुढच्या वेळी आले ते वैतागूनच. "गुदमरतंय मॅडम. आकडे मोजायचे का श्वास घ्यायचा?"

मग मला सुचलं. म्हटलं, "काका, माईकवर बोलता तसं बोला."

"इथं?"

"हो, इथंच."

जरा लाजले, मग सुरू झाले. "पंढरपूर-लातूर, मार्गे सोलापूर, तुळजापूर, फलाट क्रमांक चारवर लागत आहे, प्रवाशांनी रांगेत चढावे..." सगळं एका दमात! खांदे खाली, पोट हळूहळू आत जातंय, आणि संपल्यावर नाकातून नवा श्वास असा अलगद आला की त्यांना कळलंसुद्धा नाही. श्वास किती वेळ सुटतोय ते मी घड्याळात बघत होते.

"आता हेच, पण मनातल्या मनात, आवाज न काढता. नुसता श्वास सोडत राहा." (बोलताना बीपी चढतं, म्हणून आवाज काढून टाकला.)

दोन-तीन गाड्या मनातल्या मनात पुकारून झाल्या असतील. डोळे मिटलेले, जबडा सैल पडला. "हे तर मला येतंच होतं की हो!" म्हणाले. अशा वेळी वाटतं, चला, या धंद्यात आलो ते बरं झालं.

हे माझंच डोकं नाही बरं का. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दींच्या टीमनं २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं होतं की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा योगातला मंत्र म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या जवळ येतो. म्हणजे नामजप करणाऱ्या आज्यांना हे शिकवायची गरजच नाही. तुमच्याकडे जप असेल तर जप घ्या, काकांकडे लातूर गाडी होती.

दुसरी गोष्ट मशीनची. श्वास झाल्या झाल्या बीपी बघायचं बंद केलं. ठरलेल्या वेळीच मोजायचं, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर आणि मध्ये बायकोशी बोलायचं नाही. काकूंना हा नियम फार आवडला.

रोज पंधरा मिनिटं, असे काही आठवडे गेल्यावर आकडे १४० च्या आसपास यायला लागले, आणि त्यात गोळीचाही वाटा आहे हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. नुसत्या श्वासानं उतरतं ते थोडंच, काही पॉइंट. काकांनी विचारलंच, "मग गोळी?" म्हटलं, बीपीचे आकडे लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे जा, ते ठरवतील. डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली. काका जरा खट्टू झाले, पण श्वासाचं सोडलं नाही.

करताना चक्कर आली किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर समजा श्वास फार मोठा घेताय, थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. आणि बीपी १८०/१२० च्या वर असून छातीत दुखतंय, दम लागतोय, अंधारी येतेय, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हातपाय लुळा पडतोय असं काही असेल तर तिथं श्वासबिस काही नाही, सरळ हॉस्पिटल गाठा.