घरातलं सगळ्यात वयस्कर माणूसच सगळ्यात जास्त धोक्यात असतं का?

२०२५च्या जानेवारीत एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या ज्येष्ठांच्या सल्ला केंद्रातला फोन दिवसभर वाजू लागला. ६ जानेवारीला बंगळुरूतल्या दोन तान्ह्या बाळांना हा विषाणू सापडल्याचं जाहीर झालं होतं. फोन करणाऱ्या बहुतेक सुना आणि मुलं. घरात म्हातारं माणूस आहे, शाळेत जाणारं मूलही आहे, मग दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं का, हा सगळ्यांचाच प्रश्न.

त्याच आठवड्यात नाशिकमधलं एक जोडपं केंद्रात आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तो कारखान्यात शिफ्टवर, ती घरी शिवणकाम करणारी. त्यांनी आप्पांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलवलं होतं. ताट दाराशी ठेवायचं, दुसरीतल्या नातीने जिना चढायचा नाही, सकाळची फेरी बंद, मंदिराच्या कट्ट्यावरची बैठकही बंद. आप्पा चिडले होते, दोन दिवस जेवले नव्हते. म्हणून हे दोघं आले.

"ताई, त्यांचं वय बघा ना," तो म्हणाला. "एकोणऐंशी पूर्ण. त्यांना काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

२०२१च्या एप्रिलमध्ये त्याचे थोरले काका ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत टिकले नव्हते. रिक्षात त्यांना धरून बसलेला हाच. अशा माणसाला 'घाबरू नका' म्हणणं मला पटत नाही. त्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मी आधी त्याला बोलू दिलं, मग घरात कोण कोण आहे ते विचारलं.

"आम्ही तिघं, आप्पा आणि आई."

"आईंची तब्येत?"

"आई ठणठणीत आहे. बहात्तरची आहे, पण सगळं घर तीच ओढते."

दोघांनाही घेऊन या, असं मी सांगितलं.

एचएमपीव्ही हा काही नवा विषाणू नाही. तो २००१मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांत फिरत होता. पाचव्या वर्षापर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा होऊन जातो. आरएसव्ही, फ्लू, कोरोना हे त्याच्याच जोडीचे. तरुण माणसाला यांनी चार दिवस सर्दी-खोकला होतो. वय वाढलं की गणित थोडं बदलतं. बरगड्यांचा पिंजरा ताठर होतो, खोकल्यातला जोर कमी होतो, श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारी बारीक लव मंदावते आणि प्रतिकारशक्ती उशिरा जागी होते. त्यामुळे ६५नंतर धोका वाढतो आणि ७५नंतर आणखी. मुलाची भीती अगदीच निराधार नव्हती.

पण वय ही केवळ एक बाजू. त्या वयाच्या पोटात काय दडलंय, ते पाहिल्याशिवाय कुणाला किती धोका आहे ते कळत नाही. दोन दिवसांनी आप्पा आणि आजी आल्या तेव्हा ते समोरच दिसलं. आमचं केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. आप्पा जिना चढून आले, चप्पल काढून खुर्चीत बसले, पाणी मागितलं. आजी अर्ध्या जिन्यावर कठडा धरून उभ्या होत्या. वर आल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत, ओठ मिटून नाकाने श्वास घेत राहिल्या. सुनेने सहज सांगितलं, "आईंना जिन्याचा त्रास होतो, गुडघे दुखतात ना."

त्रास गुडघ्यांचा होताच, पण थांबायला श्वास लावत होता.

मी आजींना विचारत गेले. सिन्नर तालुक्यातल्या गावी पस्तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक. बिनखिडकीचं स्वयंपाकघर, लाकडं आणि गोवऱ्या, पावसाळ्यात ओल्या सरपणाचा धूर. आयुष्यात विडीला हात लावला नाही. दर थंडीत खोकला यायचा आणि महाशिवरात्रीपर्यंत राहायचा. "तो माझा जुनाच खोकला," असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की जणू घरातलं एखादं माणूसच असावं. आपल्याकडे सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागणं, हा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, असा समज आहे. प्रत्यक्षात चुलीच्या धुराने फुफ्फुसं बिघडलेल्या बायका गावोगावी आहेत. त्यांची तपासणी होत नाही, कारण त्यांची धाप कुणी आजारात धरतच नाही. मला या गोष्टीचा फार राग येतो.

मग मी गोळ्यांचं विचारलं. आप्पांची रक्तदाबाची एक गोळी, डॉक्टरांनी दिलेली, नियमित. आजी म्हणाल्या, "मला काही नाही ताई. गुडघं लई ठणकतात तवा मेडिकलमधून बारीक पांढरी गोळी आणते. दोन तासांत मोकळं वाटतं."

"रोज?"

"रोजच की. दोन वर्षं झाली."

सून म्हणाली, "ते आयुर्वेदिक आहे ना?" पिशवीतली पट्टी काढून पाहिली. स्टेरॉइड होतं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्या जागी मी फक्त दोन गोष्टी केल्या. केंद्राशी जोडलेल्या फिजिशियनची त्याच आठवड्याची वेळ घेतली. आणि आजींना बजावून सांगितलं की ही गोळी आजपासून एकदम बंद करायची नाही. रोज घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर शरीर कोसळू शकतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. ती हळूहळू कमी करतात, आणि तीही डॉक्टरांनीच.

तपासण्यांत जे निघालं त्याने मुलगा गप्प झाला. नळीत जोरात फुंकून करायची ती स्पायरोमेट्री केली, तर आजींच्या श्वासनलिका बऱ्याच अरुंद झालेल्या. उपाशीपोटी साखर वाढलेली. स्टेरॉइडने साखर वाढते आणि प्रतिकारशक्तीही दबते. म्हणजे दबलेली प्रतिकारशक्ती, आधीच अरुंद झालेल्या श्वासनलिका आणि वर चढलेली साखर, तिन्ही एकाच माणसात. शिवाय घरात नात सर्दी घेऊन आली की तिचं नाक पुसणारी, तिला कुशीत घेऊन झोपणारी आजीच. आप्पांपेक्षा सात वर्षांनी लहान असूनही विषाणूने धरलं असतं तर आधी दवाखान्यात त्या गेल्या असत्या.

अशी कमकुवत जागा प्रत्येक घरात वेगळी असते. कुणाचं हृदय कमजोर असतं. फ्लू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे सहा पट वाढते, असं २०१८मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. माणूस फ्लूने आजारी पडतो आणि घरचे म्हणतात की हृदयाने गेला. कुणाची किडनी अधू असते, कुणाची केमोथेरपी चालू असते. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना कफ बाहेर काढता येत नाही. आणि एक गोष्ट कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही, ती म्हणजे अशक्तपणा. गेल्या सहा महिन्यांत वजन आपोआप उतरलंय का, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो का, चाल मंदावली आहे का, हे मी प्रत्येकाला विचारते. मांड्यांमध्ये ताकद नसलेलं माणूस आठवडाभर अंथरुणावर पडलं की पुन्हा उभं राहणं अवघड होतं, आणि खोकून कफ काढायलाही स्नायूंचीच ताकद लागते.

इथे मला आप्पांच्या बाजूने बोलावं लागलं. रोज तासभर चालणारा, चार मित्रांत बसणारा, पोटभर जेवणारा माणूस खोलीत बसवला होता. म्हाताऱ्या माणसाचे पाय आठ-दहा दिवसांच्या बसण्यानेही सुटतात, भूक मरते, मन उतरतं. मी मुलाला सांगितलं, "तुम्ही आप्पांना वाचवायला खोलीत ठेवलंत, पण आणखी महिनाभर असंच चाललं तर त्यांच्यातली ताकद जाईल. ती तुम्हाला बाहेरून आणून देता येणार नाही." तो बराच वेळ बायकोकडे बघत राहिला. आप्पा म्हणाले, "मग मी उद्यापासून फेरीला जाऊ?" मी हो म्हटलं. कुणी शिंकत-खोकत असेल तिथे बसायचं नाही, गर्दीच्या बंद हॉलमधल्या कार्यक्रमाला मास्क लावायचा, एवढंच.

नातीचं काय, हा सुनेचा प्रश्न राहिलाच होता. मुलांना आजी-आजोबांपासून तोडू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची गरजही नसते. नात बरी असेल तेव्हा काहीच बंधन नको. तिला सर्दी-ताप असेल तितके दिवस तिने आजीजवळ झोपायचं नाही, तिचं उष्टं आजींनी खायचं नाही, नाक पुसण्याचं काम आईने किंवा बाबांनी करायचं, आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. शाळेतून आल्यावर साबणाने हात धुवायचे. बस.

सगळ्यात अवघड गेलं ते आजींना पंपाला, म्हणजे श्वासावाटे औषध ओढायच्या इनहेलरला, तयार करणं. "पंप लागला की सुटत नाही, शेजारणीचा नाही सुटला," हे त्यांचं पालुपद. हे बहुतेक घरांत ऐकायला मिळतं. शेजारणीचा पंप सुटला नाही तो तिचा आजार कायमचा होता म्हणून. चष्मा लावल्याने नजर चष्म्याच्या आहारी जात नाही, तसंच हे. डॉक्टरांनी त्यांच्याकडून तीन वेळा पंप ओढून घेतला, श्वास धरायला शिकवलं, चूळ भरायला सांगितलं. दोन आठवड्यांनी आजी जिना न थांबता चढल्या. पंपाबद्दल त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

लसीचं बोलणंही झालं. एचएमपीव्हीवर लस नाही. फ्लूवर आहे, आणि फ्लूच म्हाताऱ्यांना दरवर्षी जास्त पाडतो. आपल्याकडे त्याच्या दोन लाटा येतात, एक जानेवारी ते मार्चमध्ये आणि दुसरी पावसाळ्यात व त्यानंतर. लस अंगी लागायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून ती पावसाच्या आधी घेतलेली बरी. दरवर्षी घ्यावी लागते. तिने फ्लूच होणार नाही असं नाही, पण झालेला आजार जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. न्यूमोनियाची लस वेगळी असते, आणि आजींसारख्या रुग्णांसाठी डॉक्टर ती आवर्जून सांगतात.

घरी ऑक्सिमीटर होताच, कोरोनातला, कपाटात पडलेला. दोघंही बरे असताना त्यांचा ऑक्सिजनचा आकडा कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. आप्पांचा ९७ आला, आजींचा ९४. उद्या दोघं आजारी पडले आणि दोघांचा ९३ दिसला, तर आप्पांसाठी ती चार अंकांची घसरण असेल आणि आजींसाठी एका अंकाची. हे घरच्यांना आधी ठाऊक नसेल तर एकाबाबतीत उगाच धावपळ होते आणि दुसऱ्याबाबतीत वेळ जातो. आकडा बरा असला तरी बोलताना वाक्य तुटत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट पाहायची नाही, हेही लिहून दिलं.

सुनेला मी आणखी एक गोष्ट दोनदा सांगितली. म्हाताऱ्यांना ताप येईलच असं नाही. कधी कधी आजाराची पहिली खूण एवढीच असते की माणूस जेवत नाही, दिवसा झोपून राहतं, बडबडतं, किंवा बाथरूममध्ये पडतं.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. सकाळी आजींनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, मग वार विचारला तर भलताच सांगितला. अंग गार, ताप नाही. श्वास मात्र भराभर चाललेला. तिने नवऱ्याची शिफ्ट संपायची वाट पाहिली नाही, आप्पांना सोबत घेऊन रिक्षाने दवाखाना गाठला. फ्लू निघाला. लस जूनमध्ये घेतली होती, तरी निघाला. फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, आणि ते त्याच दुपारी सुरू झालं. चार दिवस ऑक्सिजन लागला, आयसीयू लागलं नाही.

न्यूमोनियाची लस खर्चामुळे तेव्हा राहून गेली होती. ती दिवाळीनंतर घेतली. स्टेरॉइडची गोळी तोवर पूर्ण सुटली होती. गुडघे अजून दुखतात, त्यासाठी आजी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जातात, आणि आप्पा त्यांच्याबरोबर असतात.