दुधाच्या दाढेचे रूट कॅनल : हाताने की रोटरी यंत्राने?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याच्या खालच्या शेवटच्या दुधाच्या दाढेला खोल कीड लागली असून रात्री दाढ ठणकते. घोडबंदर रस्त्यावरील एका दवाखान्यात रोटरी यंत्राने रूट कॅनल करण्याचा सल्ला मिळाला. नौपाड्यातील डॉक्टरांच्या मते हाताने फाईल (मुळातील नळी घासून साफ करणारी सुईसारखी बारीक कानस) फिरवूनही काम नीट होईल. खर्चात बराच फरक आहे. यंत्राने केलेले उपचार अधिक टिकतात का?
– एक आई, ठाणे (पश्चिम)

उत्तर : केवळ यंत्र वापरले म्हणून उपचार अधिक टिकतात, असे आजवरच्या अभ्यासांवरून म्हणता येत नाही. यंत्राचा खरा फायदा वेळेचा आहे, आणि साडेपाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो किरकोळ नाही.

दुधाच्या दाढेची मुळे बारीक, वाकडी आणि पातळ भिंतींची असतात. त्यांतील नळ्या अनेकदा गोल नसून चपट्या असतात व त्यांना आडवे फाटेही फुटलेले असतात. त्यामुळे हाताची असो वा यंत्राची, कोणतीही फाईल सगळ्या भिंतींपर्यंत पोहोचत नाही. उरलेली घाण सोडियम हायपोक्लोराइटसारख्या द्रावणाने वारंवार धुऊनच काढावी लागते. हाताच्या स्टीलच्या फायली एकामागून एक वाढत्या जाडीच्या वापराव्या लागतात, आणि जाड फाईल ताठ असल्याने वाकड्या मुळात ती सरळ जाऊ पाहते. निकेल-टायटॅनियमची रोटरी फाईल लवचिक असते, मोटरवर ठरावीक वेगाने फिरते आणि थोड्याच फायलींत नळीला निमुळता, एकसारखा आकार देते, म्हणून पुढे औषध भरणेही सोपे जाते. दुधाच्या दातांत अशा फायली वापरण्याची पद्धत 2000 साली दंतवैद्यकीय साहित्यात मांडली गेली. आता लहान तोंडात मावतील अशा आखूड लांबीच्या, खास मुलांसाठीच्या फायली भारतातही बनतात. पहिल्या एक-दोन दिवसांतील दुखणे यंत्राने कमी राहते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र पुढच्या तपासण्यांत दाढ निरोगी राहण्याच्या प्रमाणात दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसत नाही.

यंत्राला मर्यादाही आहेत. हाताला जाणवणारा भिंतीचा स्पर्श मोटरवर कमी जाणवतो, आणि दोन मुळांच्या मधल्या बाजूची भिंत आधीच पातळ असल्याने तेथे प्रमाणाबाहेर घासले गेले तर छिद्र पडू शकते. सरावलेल्या हाताने साध्या फायलींनी केलेले काम मला नवशिक्याच्या यंत्रापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

तेव्हा दोन्ही डॉक्टरांना पद्धतीपेक्षा इतर गोष्टी आधी विचाराव्यात. एक्स-रेमध्ये मुळे (दुधाचा दात पडण्याआधी ती हळूहळू विरघळतात) फारशी विरघळलेली नाहीत ना, काम करताना रबर डॅम (दाताला लाळेपासून वेगळे ठेवणारा रबराचा पातळ पडदा) लावणार का, आणि नळ्यांत कायमच्या दातांसाठीचे गट्टापर्चा (न विरघळणारा रबरासारखा पदार्थ) न भरता मुळांसोबत विरघळणारी पेस्ट भरणार ना, हे समजून घ्यावे. शेवटी स्टीलची कॅप बसवणार का, हेही विचारावे. ही दाढ साधारण दहा ते बाराव्या वर्षापर्यंत टिकायला हवी, कारण सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे येणारी कायमची दाढ तिच्याच आधाराने जागेवर बसते. अंदाजपत्रकात यंत्राचा खर्च वेगळा दाखवलेला असतो, त्यामुळे पालकांची नजर तेथेच अडते आणि 'कॅप नंतर बघू' असे ठरते. पैसे वाचवायचेच असतील तर ते यंत्रावर वाचवावेत, कॅपवर नव्हे. मूल खुर्चीत फार वेळ बसू शकत नसेल आणि डॉक्टरांचा रोटरीचा सराव चांगला असेल, तर मात्र जादा खर्च योग्य ठरेल.

प्रश्न : रोटरी फाईल दुधाच्या दातात तुटली तर काय करतात?
– एक वडील, ऐरोली

उत्तर : असे क्वचित घडते, बहुधा फाईल अनेकदा वापरून थकलेली असते किंवा वाकड्या नळीत जोर लावला गेलेला असतो. तुकडा काढण्याचा किंवा त्याच्या बाजूने वाट काढून सफाई पूर्ण करण्याचा प्रयत्न केला जातो. दुधाच्या दाताचे मूळ पुढे विरघळते, धातू विरघळत नाही. म्हणून तुकडा आत राहिल्यास पालकांना स्पष्ट सांगून ठरावीक काळाने एक्स-रे काढत राहावे लागते. संसर्ग वाढला किंवा तुकडा खालच्या कायमच्या दाताच्या वाटेत येण्याची शक्यता दिसली, तर दात काढून गरजेनुसार स्पेस मेंटेनर (कायमच्या दातासाठी जागा राखणारे साधन) बसवतात.