पारव्याच्या प्रेमात पडणारी मुलगी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या लॅपटॉपवरच्या जपानी खेळात एक मुलगी कबुतरांच्या शाळेत शिकते आणि त्यांच्यापैकीच एकाच्या प्रेमात पडते. भाची मात्र ‘खेळते आहे’ असे न म्हणता ‘वाचते आहे’ असे म्हणत होती, शिवाय ही विज्ञानकथा असल्याचेही तिने सांगितले. हा नेमका काय प्रकार आहे?
– एक वाचिका, सातारा

उत्तर: आपल्या भाचीने ‘वाचते आहे’ हा शब्द अगदी योग्य वापरला आहे. या प्रकाराला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. पडद्यावर पार्श्वभूमीचे चित्र, त्यापुढे पात्र आणि खाली मजकुराची चौकट असते. वाचक एकेक वाक्य पुढे नेतो आणि मधूनमधून दोन-तीन पर्यायांपैकी एक निवडतो, त्यानुसार कथेची वाट बदलते. आपण वर्णन केलेली कथा बहुधा हातो मोआ या जपानी चित्रकथाकर्तीची ‘हातोफुल बॉयफ्रेंड’ असावी. ती 2011 साली जपानीत आली, पुढच्या वर्षी तिचा इंग्रजी अनुवाद झाला आणि 2014 मध्ये नव्या रूपातली आवृत्ती निघाली. जपानी भाषेत ‘हातो’ म्हणजे कबूतर, आणि ‘हार्टफुल’ या शब्दाचा जपानी उच्चारही जवळपास तसाच होतो, त्यामुळे नावातच श्लेष आहे.

नायिका हियोको ही पक्ष्यांच्या विद्यालयातली एकमेव मानवी विद्यार्थिनी असून ती गुहेत राहते. तिचा बालमित्र रियोता हा आपल्या खिडकीत येतो तसा साधा पारवा आहे. साकुया हा खानदानाचा अभिमान मिरवणारा लक्का कबूतर आहे. गणिताचे शिक्षक लावा पक्षी असून त्यांचा सतत डोळा लागतो. शाळेच्या दवाखान्यातला डॉक्टर चकोर आहे. आपल्या संतकाव्यातला चकोर चांदणे वेचतो. हा मात्र असा थंड रक्ताचा आहे की त्याच्याशी जवळीक वाढवणाऱ्या नायिकेचा शेवट बरा होत नाही. मराठी वाचकाला हे पात्र विशेष धक्का देते, असे मला वाटते.

यातला विनोद कशातून येतो, हे नीट पाहण्यासारखे आहे. पात्रांसाठी खऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे वापरलेली आहेत. पारव्याच्या चेहऱ्यावर लाज, मत्सर किंवा विरह उमटत नाही. त्याचा तोच गोल डोळा आपल्याकडे पाहत राहतो आणि खाली चौकटीत मात्र अत्यंत हळवा संवाद चाललेला असतो. लेखिका या प्रसंगाची एकदाही थट्टा करत नाही आणि कथेतल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात हसणारा वाचक नंतर त्या पारव्याची खरोखर काळजी करू लागतो. हे साधणे मी फार मोठे कौशल्य मानतो. प्रत्येक पात्राची वाट एका बैठकीत संपण्याइतकी छोटी ठेवल्यामुळे विनोद ताणला जात नाही, हेही महत्त्वाचे.

विज्ञानकथेचा भाग सुरुवातीला जाणवत नाही. माणसे कुठे गेली आणि पक्षी बोलू कसे लागले, हे प्रश्न वाचक विनोदाचा भाग समजून सोडून देतो. मुख्य पात्रांचे शेवट पाहून झाल्यावर मात्र एक दडलेली, बरीच लांब आणि गंभीर वाट उघडते आणि तिथे याच प्रश्नांची उत्तरे बर्ड फ्लूच्या विषाणूशी जोडलेली निघतात. याहून अधिक सांगितले तर आपल्या भाचीचा आनंद मी हिरावून घेईन.

प्रश्न: अंतराळयानावरची अभियंती आणि तिचा यंत्रमानव सहकारी यांची अशी छोटी प्रेमकथा मराठीत करता येईल का? मला प्रोग्रॅमिंग येत नाही.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: अवश्य करता येईल. टॉम रॉथामेल यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेले रेनपाय हे साधन विनामूल्य आहे. जपानी ‘रेनआय’ म्हणजे प्रेम, आणि पायथन ही संगणकभाषा, यांवरून त्याचे नाव पडले. त्यात संवाद साध्या मजकुरासारखे लिहिता येतात. पूर्वी त्यात देवनागरी जोडाक्षरे तुटत आणि वेलांट्या भलत्या ठिकाणी पडत. अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरजुळणीची सोय आल्याने, मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने केलेल्या ‘मुक्ता’सारख्या खुल्या फॉन्टमध्ये मजकूर नीट दिसू शकतो. तरीही ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘ष्ट्र’ असलेले एखादे वाक्य आधी तपासून पाहावे.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. इंग्रजीत बोलणारा ‘मी’ स्त्री की पुरुष हे शेवटपर्यंत लपवता येते. मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ असे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते, म्हणून दोन्ही पाठ लिहिण्याची तयारी ठेवावी. मात्र याच भाषेने आपल्याला एक देणगीही दिली आहे. आपल्या कथेतली अंतराळयानावरची अभियंती आणि तिचा यंत्रमानव सहकारी तीन प्रकरणे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत असतील, तर चौथ्या प्रकरणात वाचकासमोर दोनच पर्याय ठेवावेत: ‘तुम्ही जेवलात का?’ आणि ‘तू जेवलास का?’ यंत्रमानव जेवत नाही, हे दोघांनाही ठाऊक असावे.