हे पेशींनी केलं की चिपनं?

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाच्या ऑर्गन-ऑन-चिप प्रयोगशाळेत, म्हणजे जिवंत पेशी भरून अवयवाची नक्कल करणाऱ्या छोट्या चिप्स जिथे घडवतात तिथे, तुला मास्टर्सचा प्रकल्प मिळाला हे वाचून फार आनंद झाला. एन्स्खेडे हे एकेकाळचं कापडगिरण्यांचं शहर. गिरण्यांना उतरती कळा लागली त्या काळात, 1961 साली, तिथे हे विद्यापीठ स्थापन झालं. आपल्या गिरणगावाचं काय झालं हे पाहिलेल्या माणसाला त्याचं अप्रूप वाटतंच.

जायच्या आधी काय वाचू, असं तू विचारलंस. वाचनाची यादी तिथे मिळेलच. मी तुला एक प्रश्न देते, तो रोज स्वतःला विचारत जा. समोर जे दिसतंय ते पेशींनी केलं, की चिपनं?

हा प्रश्न विसरायला लावण्याइतकं हे क्षेत्र देखणं आहे. 2010 साली हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) नावाच्या इन्स्टिट्यूटमधून डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाची चिप जगापुढे आणली. मधे पातळ सच्छिद्र पटल, वर फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, खाली रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहतं मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव. कडेच्या पोकळ्यांतली हवा ओढली की पटल ताणलं जातं, सोडली की पूर्ववत होतं. श्वास घेणाऱ्या त्या चिपचं चित्रण पाहून कितीतरी मुलं या वाटेला लागली. तूही त्यातलीच असशील तर त्यात गैर काही नाही.

पण कामाची सुरुवात याहून बरीच साधी असते. पीडीएमएस हे चिप बनवायचं पारदर्शक सिलिकोन रबर; त्याचा बेस आणि तो घट्ट करणारा क्युरिंग एजंट 10:1 प्रमाणात घोटायचा, व्हॅक्यूममध्ये ठेवून त्यातली हवा काढायची, साच्यावर ओतून ओव्हनमध्ये घट्ट करायचं, भोकं पाडायची, प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायू) देऊन काचेवर चिकटवायचं. हे हातानं चार-सहा वेळा केलं की जमतं. खरी परीक्षा पेशी भरताना होते, म्हणून तिथे थोडी रेंगाळते.

1 मिलिमीटर रुंद, 100 मायक्रोमीटर उंच आणि 1 सेंटिमीटर लांब अशा चिपमधल्या वाहिनीत मावतं किती? फक्त 1 मायक्रोलिटर. एवढ्याशा द्रवाला बाष्पीभवनही पेलवत नाही, म्हणून चिप पेट्री डिशमध्ये ओल्या टिश्यूशेजारी ठेवतात. फ्रिजमधलं गार मीडियम तसंच भरून चिप 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलीस, तर त्यात विरघळलेली हवा बाहेर पडून बुडबुडे होतात. मीडियम आधी कोमट करून घे. नळी जोडताना तोंडावर एक थेंब उभा राहू दे, नळीच्या टोकालाही एक थेंब लटकू दे, आणि थेंबाला थेंब टेकव. म्हणजे मधे हवा अडकत नाही. बुडबुडा वाहिनीतून सरकला की त्याची कड पेशींना खरवडत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली सरळ मोकळा पट्टा दिसतो, दोन्ही काठांना पेशी गोळा होऊन गुंडाळलेल्या असतात. त्याच दिवशी तू औषध सोडलेलं असेल, तर हात लगेच वहीत लिहायला धावेल: औषधानं पेशी मेल्या. तिथे थांब. औषध न घातलेली चिप शेजारी असेल, तरच तुला काही म्हणायचा अधिकार आहे.

प्रवाहाचंही तसंच. रक्तवाहिनीच्या पेशींना प्रवाहाचा घर्षणताण लागतो. धमनीत तो साधारण 1 ते 2 पास्कल असतो, आणि पुरेसा वेळ मिळाला की पेशी प्रवाहाच्या दिशेनं लांबट होतात. चपट्या वाहिनीत हा ताण उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे साच्यात उंची 100 ऐवजी 90 मायक्रोमीटर भरली, तर पंप तोच ठेवूनही ताण सुमारे 23 टक्के वाढतो. आराखड्यावरच्या आकड्यावर विसंबू नकोस, साचा स्वतः मोज.

तुझ्याच विद्यापीठातलं एक काम मला या बाबतीत आदर्श वाटतं. पेशींचा थर किती घट्ट बसलाय हे थरातून जाणाऱ्या विजेला होणाऱ्या रोधावरून ठरवतात; सगळे त्याला टीईईआर म्हणतात. आतड्याच्या चिपमध्ये हा रोध नेहमीच्या इन्सर्टपेक्षा (पेशी वाढवायच्या सच्छिद्र तळाच्या छोट्या कपापेक्षा) कितीतरी जास्त भरत होता, आणि चिपमध्ये पेशी अधिक जोमानं वाढतात असा अर्थ लावणं सोपं होतं. 2015 साली ट्वेन्टेच्या मॅथ्यू ओडाइक आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं, की अरुंद, लांब वाहिनीत वीज सगळ्या पटलातून सारखी जात नाही आणि नेहमीच्या सूत्रानं आकडा फुगतो. सगळ्यांना हवाहवासा वाटणारा आकडा आपणच तपासायचा, याला धैर्य लागतं. ते काम नीट वाच, गणितासकट.

पीडीएमएस स्वतःही निर्दोष नाही. पाण्यात न रमणारे छोटे रेणू ते शोषून घेतं. तू घातलेलं औषध पेशींपर्यंत पोचलंच नाही आणि तू मात्र "परिणाम नाही" असं लिहिलंस, असं होऊ शकतं. पेशी न भरलेल्या चिपमधून औषध सोड आणि बाहेर किती आलं ते मोज. कंटाळवाणं काम आहे, तरी कर.

आणखी एक. एकाच दात्याच्या पेशी 20 चिप्समध्ये भरल्या म्हणून 20 माणसं होत नाहीत. आलेखाखाली दाते किती ते आधी लिही, चिप्स मग.

हे सगळं इतक्या पोटतिडकीनं लिहिते, कारण आता लोक या चिप्सवर भिस्त ठेवू लागले आहेत. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेनं कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. 2023 मध्ये भारतानंही आपल्या नियमांत अशा पद्धतींना जागा दिली. त्याच सुमारास यकृताच्या 870 चिप्सवर 27 औषधं तपासलेला अभ्यास आला. यकृताला घातक ठरलेल्या औषधांपैकी 87 टक्के चिपनं ओळखली आणि निरुपद्रवी औषधाला एकदाही घातक म्हटलं नाही. मला तो फार मोलाचा वाटतो. पण "आम्ही प्राणी वापरत नाही" असं पोस्टरवर लिहिण्याआधी आपलं मीडियम पाहा. त्यात गाईच्या गर्भाचं सीरम असेल, पटलावर पेशींना धरून ठेवणारं, उंदराच्या गाठीतून काढलेलं मॅट्रिजेल असेल. जे आहे ते लिही, आणि पर्याय मिळतो का ते विचार. तुझ्या पिढीनं हे काम हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

पहिले काही आठवडे पेशींना हात लावायची घाई करू नकोस. रंगीत पाण्यानं चिप्स चालव, गळतात कुठे ते बघ, तिथल्या तंत्रज्ञांशी बोल. त्यांना जे ठाऊक असतं ते शोधनिबंधात येत नाही. प्रकल्प पक्का झाला की वाहिनीची रुंदी, उंची आणि प्रवाह मला कळव. घर्षणताण आधी तू काढ, मग मी तपासते.

तुझ्या,
मॅडम