तलावाला फेरी मारून बघ

ठाणे, रविवार

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. हायपरप्लेनच्या, म्हणजे जागेपेक्षा एक मिती कमी असलेल्या सपाट भागांच्या, मांडणीवर काम करायचं ठरवलंस, बरं वाटलं. पण पहिल्याच आठवड्यात काउवेनबर्ग, हेकमन आणि लोयेंगा यांचा २००५ चा लांबलचक पेपर उघडून बसलीस आणि आता "काहीच कळत नाही" म्हणतेस, यात नवल ते काय! तो बाजूला ठेव. आधी कागद-कात्री घे.

ठाण्यात रुळांनी गावाचे दोन भाग केलेत. कोपरीतून नौपाड्यात यायचं तर रूळ ओलांडावेच लागतात. वास्तव संख्यांच्या प्रतलातली रेषा अशीच. ती वगळली की प्रतलाचे दोन तुकडे. संमिश्र संख्यांत मात्र हायपरप्लेन म्हणजे आपली तलावपाळी. पाण्यात उतरायचं नाही, पण काठाकाठाने फेरी मारून पुन्हा गडकरी रंगायतनपाशी येता येतं. उरलेली जागा अखंड राहते. मग प्रश्न एवढाच, की फेरी मारून आल्यावर सगळं जसंच्या तसं असतं का? वर्गमूळ घेऊन शून्याभोवती एकदा फिरलीस तर चिन्ह उलटतं, दुसऱ्या फेरीत पुन्हा जागेवर येतं. हीच मोनोड्रोमी.

मला हे फार उशिरा उमगलं. शेफर्ड आणि टॉड यांची संमिश्र परावर्तन गटांची १९५४ ची यादी, ३७ क्रमांकांची, मला तोंडपाठ होती. एका मुलाखतीत विचारलं, "कोटी तीनचं, म्हणजे तीनदा केल्यावर मूळ रूप देणारं, परावर्तन दिसतं कसं?" साध्या आरशात दोनदा उलटलं की मूळ रूप येतं, पण तीनदा? मी खडू हातात घेऊन नुसता उभा. नोकरी अर्थातच गेली.

उत्तर शेंगदाण्याच्या पुडीत होतं. वाटी ठेवून कागदाचा गोल काप, मध्यातून तीन सारखे भाग कर. एकच भाग ठेवून त्याच्या दोन सरळ कडा जोड. झाली पुडी. कागद कुठेही ताणलेला नाही, म्हणजे भूमिती सपाटच. फक्त टोकाशी ३६० ऐवजी १२० अंश. आता पुडीवर एक बाण काढ आणि दिशा न बदलता त्याला टोकाभोवती फिरवून आण. परततो तेव्हा १२० अंशांनी वळलेला असतो, आणि तीन फेऱ्यांनंतर पूर्ववत. हेच ते परावर्तन! १०० अंशांची पुडी केलीस तर तिच्या प्रती ३६० मध्ये नीट बसणार नाहीत. पेपरमध्ये श्वार्त्सची अट म्हणून जे भेटतं, त्याचा गाभा हाच.

मग तीन टोकं घे. दोन संमिश्र मितींत मूळबिंदूतून जाणारी प्रत्येक रेषा हा एक बिंदू मानला, की सगळ्या मिळून चेंडूसारखा गोल होतो आणि वगळलेल्या तीन रेषा (इथली हायपरप्लेनं) म्हणजे त्यावरची तीन भोकं. त्याला भूमिती द्यायची तर दोन सारखे त्रिकोण घेऊन कडेने शिवायचे, उशीच्या अभ्र्यासारखे. कोन १८० चे २, ३ आणि ५ ने भागून घे: ९०, ६०, ३६. बेरीज १८६, म्हणजे त्रिकोण गोलावरचाच हवा. ५ च्या जागी ६ घे, बेरीज नेमकी १८०, कागद पुरतो. ७ घेतलास की बेरीज कमी पडते आणि हायपरबोलिक भूमितीत, जिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० हून कमीच असते, जावं लागतं. एका आकड्याने जगच बदलतं! मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

तू उघडलेल्या पेपरमध्ये हाच खेळ कितीही मितींत चालतो. पुडीच्या टोकाच्या जागी हायपरप्लेन येतं, कोनांचा हिशेब डंकल कनेक्शन, म्हणजे बाण कसा न्यायचा याचा नियम, ठेवतं. मध्ये डेलिन्य आणि मोस्टो यांचं १९८६ चं काम आहे, ते नंतर बघू.

पुढच्या रविवारी सकाळी घरी ये. येताना २, ३, ६ चा अभ्रा शिवून, नाहीतर चिकटवून आण आणि प्रत्येक टोकाभोवती बाण किती वळतो ते त्यावरच लिही. कात्री तुझीच वापर. आमच्याकडची शिवणाच्या डब्यात असते आणि तिने कागद कापलेला घरात चालत नाही.