पॅड बदलाच, पण आतला पॅड का संपला ते आधी बघा

प्रश्न: नमस्कार दादा, माझी 2021 ची थार आहे. पावसाळाभर दर रविवारी आमचा ग्रुप चोरल, जानापाव नाहीतर जाम गेटकडे जातो, चिखल, नाले सगळं होतं. पंधरा दिवसांपासून ब्रेक मारला की पुढच्या उजव्या चाकातून चींऽऽ आवाज यायचा, आणि परवापासून घर्र घर्र येतोय. टॉर्च मारून चाकातून बघितलं तर पॅड चांगला जाड दिसतोय, तरी गॅरेजवाला म्हणाला पॅड संपले, डिस्क पण बदला आणि चारही चाकांचे पॅड टाका. मला स्टेपनी बदलता येते, बाकी काही नाही. पोर्चमध्ये घरी करू का? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: करा, नक्की करा, पण घर्र आवाज आलाय ना, तर आजपासून गाडी उभी ठेवा, भाजी आणायला पण काढू नका. चीं आवाज म्हणजे पॅडवरची छोटी पत्र्याची पट्टी डिस्कला लागतेय, ती त्यासाठीच दिलेली असते, म्हणजे वेळ आली एवढंच ती सांगते. घर्र म्हणजे पॅडवरचा मसाला, म्हणजे घासणारा थर, संपला आणि लोखंडावर लोखंड घासतंय.

आता तुम्हाला पॅड जाड दिसला तो बाहेरचा. आतला तुम्ही बघितलाच नाही, तो चाकातून दिसत नाही. पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या, असतो आतल्या बाजूला, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग पूर्ण कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग, दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम एकटा आतला पॅड करतो आणि संपून जातो, बाहेरचा तसाच नवा कोरा. आपल्या माळव्याची काळी माती तुम्हाला माहीतच आहे, ओली असली की चिकटते आणि वाळली की दगड, पिनेचं रबर कुठे फाटलं असेल तर ती आत जाऊन बसते. म्हणून नुसते पॅड टाकून चाक लावून दिलं तर थोड्याच महिन्यांत हाच आवाज परत येणार आणि तुम्हाला वाटेल पॅड डुप्लिकेट निघाले.

काम असं करा. सपाट फरशीवर गाडी, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा किंवा लाकडी ठोकळे. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक, आणि जॅकवर भरवसा नाही ठेवायचा, चेसिसखाली स्टँड लावायचाच, स्टँड नसेल तर हे काम करू नका. चाक काढलं की कॅलिपर मोकळा समोर येईल त्या बाजूला स्टिअरिंग वळवा. एका वेळेला एकच बाजू उघडा, विसरलात की कुठली क्लिप कुठे तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं. कॅलिपरचे बोल्ट खोलून तो उचलला की तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा, रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, नळी आतून तुटते आणि बाहेरून कळत पण नाही. काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

मग पिना. एकेक ओढून काढा. चांगली पीन दोन बोटांनी आत-बाहेर सरकते, तुमची उजवीकडची बहुतेक हिसका देऊन निघेल आणि तिच्या अंगावर तपकिरी लगदा दिसेल, कुठे कुठे गंज. पूर्ण पुसून घासून चकचकीत करा, खड्डे पडले असतील तर पीन आणि रबर नवीन घ्या, छोटी ग्वालटोलीत मिळून जातं, जुनी पीन हातात घेऊन जा. ग्रीस ब्रेकचंच लावा, सिलिकॉनचं, साधं पिवळं बेअरिंग ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. पॅडच्या मसाल्याला आणि डिस्कला ग्रीसचा हात लागता कामा नये.

पिस्टन आत ढकलायला जुना पॅड मध्ये ठेवून सी क्लँप (स्क्रूने आवळायचा शिकंजा) हळूहळू आवळा, आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्यावर लक्ष ठेवा, ऑइल वर चढतं, पेंटवर सांडलं तर पेंट उचलतं. पिस्टनच्या रबराशी ओलं दिसलं तर थांबा, मेकॅनिकला बोलवा, ते घरचं काम नाही.

डिस्क बदलायचीच असं नाही. तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्निअरने मोजा, आणि नख फिरवून बघा. नख खोल अडकत असेल किंवा जाडी उतरली असेल तर बदला. घर्र दोनच दिवस झालंय, वाचली असेल अशी मला आशा आहे. पॅड मात्र पुढच्या दोन्ही चाकांचे सोबत बदला, एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. आणि चारही चाकांचे पॅड हे काही मला पटलं नाही, तुमच्या थारला मागे डिस्क नाही, ड्रम आहे, म्हणजे बंद गोल डबा, त्याच्या आत पॅडऐवजी शू असतात. ड्रम उघडून आतला चिखल साफ करून घ्या, तेवढं पुरे.

सगळं बसवल्यावर, गाडी चालू करून एक इंच हलवायच्या आधी ब्रेक पेडल पंप करा, घट्ट होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेला असतो, पहिले काही पेडल सरळ फ्लोअरला जातात. आमच्या ओळखीतल्या एकाने हे न करता उतारावरून गाडी मागे घेतली, ती थेट शेजारच्यांच्या कंपाउंडला जाऊन लागली, तिथे रोज लहान मुलं खेळतात, त्या दिवशी नव्हती. पंप झालं की डब्यातली ऑइलची पातळी बघा. मग पहाटे सुपर कॉरिडॉर मोकळा असतो तेव्हा पन्नासवरून पंधरावर असं आठ-दहा वेळा मध्यम दाबाने स्पीड कमी करा, मध्ये थोडं चालू द्या, थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं राहू नका. पन्नास-साठ किलोमीटरनंतर चाकांचे नट परत आवळा.

प्रश्न: पॅड नवे टाकलेत, तरी जाम गेटहून मंडलेश्वरकडे उतरताना अर्ध्यावर पेडल स्पंजसारखं झालं. थोडं थांबलो तर परत ठीक. हवा राहिली असेल का? – एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर: हवा असती तर घरून निघतानाच नरम लागलं असतं. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं. ते हवेतलं पाणी ओढत राहतं, डॉट 4 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) चं नवं ऑइल कमीत कमी 230 अंशांपर्यंत टिकतं, पाणी मुरलं की 155 च्या आसपास उकळू शकतं, बुडबुडे दबतात आणि पेडल खाली जातं, थंड झाल्यावर परत येतं. शेवटचं ऑइल कधी बदललं ते आठवा, दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला, डब्याच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच. आणि घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, मागच्याने हॉर्न मारला तर मारू दे, जागा दिसली की साइड द्या.

प्रश्न: नाल्यातून निघाल्यावर पहिला ब्रेक लागतच नाही. पॅड खराब झाले का? – एक वाचक, महू

उत्तर: नाही, ओले आहेत. बाहेर आलात की हळू चालवत डाव्या पायाने ब्रेक हलका धरून शंभरेक मीटर जा, वाळतात. मागच्या ड्रमला जास्त वेळ लागतो, आत पाणी साचतं. ऑटोमॅटिक नसेल तर डाव्या पायाची सवय आधी रिकाम्या मैदानात करून घ्या, क्लचच्या सवयीने पाय जोरात पडतो.