बंदूक बाळगणाऱ्याला बुलेटप्रूफ जॅकेटही हवेच का?

प्रश्न : स्वसंरक्षणासाठी रीतसर परवाना घेऊन मी काही वर्षांपासून पिस्तूल बाळगतो आणि नेमबाजीच्या सरावालाही नियमित जातो. घरी पत्नी, शाळकरी मुलगी आणि १७ वर्षांचा मुलगा आहे. सरावाला येणाऱ्या एका मित्राने नुकतेच बुलेटप्रूफ जॅकेट घेतले असून मीही घ्यावे असा त्याचा आग्रह आहे. त्याचे म्हणणे असे, की ज्या अर्थी आपल्यावर हल्ला होऊ शकतो असे मानून आपण पिस्तूल घेतले, त्या अर्थी हल्लेखोराजवळही पिस्तूल असेल हे मानायलाच हवे; मग अर्धीच तयारी का ठेवायची? त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही, पण पूर्ण पटतही नाही. मी काय करावे?

उत्तर : आपल्या मित्राने मांडलेली शक्यता खरी आहे, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही. पिस्तूल कुलपात असले तरी गरज पडल्यावर काढता येते. जॅकेट केवळ अंगावर असतानाच उपयोगी पडते, आणि गोळी सुटण्यापूर्वी ते अंगावर असायला हवे. म्हणून जॅकेट घेण्यापूर्वी स्वतःला विचारण्याचा प्रश्न असा, की ‘या ठिकाणी, या वेळी माझ्यावर गोळी झाडली जाऊ शकते आणि तरीही मला तेथे जाणे टाळता येणार नाही’ असा प्रसंग माझ्या नेहमीच्या आयुष्यात येतो काय? तो कोणता, कोठे आणि किती वेळा, हे नेमके सांगता येत असेल तर जॅकेटचा विचार अवश्य करावा. सांगता येत नसेल, तर घेतलेले जॅकेट कपाटात पडून राहण्याचीच शक्यता अधिक.

पोलिसांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ आहे. धोका असेल तेथे जाणे हेच त्यांचे कर्तव्य असते आणि तो कोणत्या क्षणी उभा राहील हे ठाऊक नसल्यामुळे अनेक देशांत ते पूर्ण पाळीभर जॅकेट घालून वावरतात. त्याचा लाभही निर्विवाद आहे. अंगावरील जॅकेटमुळे ज्यांचे प्राण वाचले अशा पोलिसांची नोंद ठेवणारी एक योजना अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातील नोंदी तीन हजारांच्या पुढे गेल्या. परंतु हा आधार पोलिसांच्या कामाला लागू पडतो, तसाच तो सामान्य नागरिकाला लावता येत नाही. धोका दिसताच त्यापासून दूर जाणे, दार लावून घेणे, घरच्यांना एकत्र आणणे आणि पोलिसांना बोलावणे, हे नागरिकाचे काम आहे.

आपल्या मनात बहुधा रात्री घरात कोणी शिरण्याचा प्रसंग असावा, म्हणून तो नीट पाहू. आपण झोपेतून दचकून जागे झालेले असता. पत्नी जवळ आहे, मुले दुसऱ्या खोलीत आहेत. अशा वेळी हाताशी असलेले काही क्षण मुलांना सुरक्षित खोलीत आणण्यासाठी, दाराला आतून कडी घालण्यासाठी आणि फोन करण्यासाठी असतात. त्यातले मोलाचे क्षण अंधारात जॅकेटचे पट्टे शोधण्यात आणि आवळण्यात खर्च करावेत, असे मला वाटत नाही. शिवाय ते एकट्याच्याच अंगावर असणार. पत्नी आणि मुले त्याच खोलीत संरक्षणाविना राहणार. याहून मोठी भीती वेगळी आहे. जॅकेट चढवलेल्या माणसाला बंद खोलीत थांबण्याऐवजी घरभर शोध घेण्याचा मोह होऊ शकतो, आणि अनोळखी माणसाच्या मागावर स्वतःच्याच घरात कोपरे धुंडाळणे हे प्रशिक्षित माणसांसाठीही अत्यंत धोक्याचे काम आहे. त्यातच पोलीस आत आले आणि अंधुक प्रकाशात जॅकेट घातलेला, हातात पिस्तूल असलेला माणूस त्यांना दिसला, तर घरमालक कोण आणि घुसखोर कोण हे त्यांनी एका क्षणात कसे ओळखावे? या शेवटच्या शक्यतेचा विचार जॅकेट विकत घेणारे फारच कमी लोक करतात, म्हणून मी ती मुद्दाम मांडत आहे.

जॅकेट शरीराचा किती भाग झाकते, हेही लक्षात ठेवावे. छाती, पोटाचा वरचा भाग आणि पाठ एवढेच त्याच्या आड येते. डोके, मान, काख, जांघ, हात आणि पाय मोकळेच राहतात. गोळी अडली तरी तिचा आघात शरीरापर्यंत पोचतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या संस्थेच्या चाचणीत जॅकेटमागे मातीचा ठोकळा ठेवून त्यावर गोळ्या झाडतात आणि मातीत पडणारा खड्डा ४४ मिलिमीटरपर्यंत असला तरी जॅकेट उत्तीर्ण ठरू शकते. म्हणजे गोळी अडूनही बरगडी मोडू शकते, आतून मार बसू शकतो आणि रुग्णालयात जावेच लागते. चाकूची गोष्ट आणखी निराळी आहे. गोळी अडवण्यासाठी विणलेल्या धाग्यांतून चाकूचे टोक आरपार जाऊ शकते. त्यासाठी वेगळे मानक आणि वेगळी जॅकेटे आहेत.

आता ज्या धोक्यांविषयी आपल्या पत्रात एकही ओळ नाही, त्यांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. बंदूक असलेल्या घराला सर्वांत जवळचा धोका बहुतेक वेळा त्याच घरातल्या बंदुकीचा असतो. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. या आत्महत्यांपैकी एकही मृत्यू जॅकेटने टळला नसता. आपला मुलगा १७ वर्षांचा आहे. या वयात निराशेची लाट अचानक येते आणि पुष्कळदा ओसरतेही. मात्र ती ओसरेपर्यंत भरलेले पिस्तूल हाताला लागता कामा नये. म्हणून पिस्तूल रिकामे करून मजबूत पेटीत कुलूपबंद ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि किल्ली किंवा आकडे मुलांना ठाऊक नाहीत याची खात्री करून घ्यावी. ‘मुलांना जागा माहीत नाही’ या समजुतीवर विसंबू नये. मुलांना घरातले सारे कोपरे ठाऊक असतात. घरातील कोणीही खचलेल्या मनःस्थितीत आहे असे जाणवले, तर त्या काळापुरते पिस्तूल कायदेशीर मार्गाने घराबाहेर सुरक्षित ताब्यात द्यावे, त्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोलावे आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. जॅकेटसाठी बाजूला काढलेले पैसे आपण चांगल्या तिजोरीवर खर्च केलेत, तर मला मनापासून समाधान वाटेल.

सरावाच्या ठिकाणी आपले कान आणि डोळे रोज पणाला लागलेले असतात. बहुतेक बंदुकांच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि असा एकच आवाजही ऐकण्याची शक्ती कायमची कमी करू शकतो. कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण प्रत्येक वेळी, अपवाद न करता वापरावे. यासोबत रक्तस्राव थांबवण्याचे शिक्षण घ्यावे आणि चांगल्या प्रतीचे टूर्निकेट, म्हणजे हात किंवा पाय आवळून रक्तस्राव थांबवणारा पट्टा, जवळ बाळगावे. हाताच्या किंवा पायाच्या जखमेतून वेगाने रक्त वाहू लागले तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, आणि नेमके हेच अवयव जॅकेटबाहेर असतात. हे शिक्षण वाहनाच्या अपघातातही उपयोगी पडते, ही त्याची आणखी एक जमेची बाजू.

आपण जे लिहिले आहे त्यावरून माझे मत असे, की आपल्याला जॅकेटची गरज नाही. ज्यांना ती आहे अशी माणसे निश्चित आहेत. विशिष्ट व्यक्तीकडून जिवाच्या धमक्या येत आहेत आणि तरीही ज्यांना ठरलेल्या वाटेने कामावर जावे लागते, जे रोख रक्कम किंवा मौल्यवान माल घेऊन ठरावीक वेळी प्रवास करतात, जे सशस्त्र पहाऱ्याचे काम करतात, जे युद्धभूमीवरून वार्तांकन करतात आणि जे नवशिक्यांना नेमबाजी शिकवतात, त्या सर्वांना आपला धोका कोठे आणि केव्हा आहे ते सांगता येते. आपला मित्र सरावात नवख्यांना शिकवत असेल, तर त्याची खरेदी योग्यच आहे; नवशिक्या माणसाच्या हातातील पिस्तुलाचे तोंड कोणत्याही क्षणी वळू शकते. धमकी आलेल्या व्यक्तीने मात्र आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी, येण्याजाण्याच्या वेळा आणि वाटा बदलाव्यात आणि त्यासोबत जॅकेटचा विचार करावा.

प्रश्न : माझ्या कामाचे स्वरूप पाहता मला जॅकेट लागेल असे मी ठरवले आहे. बाजारात हलकी कापडी जॅकेटे आहेत आणि जड प्लेटची जॅकेटेही आहेत. कोणते निवडावे?

उत्तर : समोर पिस्तूल येण्याची शक्यता आहे की रायफल, यावर निवड अवलंबून आहे. केव्हलारसारख्या धाग्यांचे मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवते; रायफलची गोळी कितीतरी अधिक वेगाने येते आणि मऊ जॅकेट सहज भेदते. रायफलसाठी सिरॅमिकची, दाट पॉलिथिलीनची किंवा पोलादाची कडक प्लेट लागते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी संस्थेच्या जुन्या मानकात ‘थ्री-ए’ हा मऊ जॅकेटांचा सर्वांत वरचा स्तर असून त्यात पॉइंट ४४ मॅग्नम या जोरकस पिस्तूल-काडतुसाच्या गोळीची चाचणी असते. ‘तीन’ या स्तरात ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी रायफलच्या गोळ्यांची आणि ‘चार’मध्ये चिलखतभेदी गोळीची चाचणी होते. २०२३ मध्ये आलेल्या नव्या मानकात पिस्तुलासाठी दोन आणि रायफलसाठी तीन असे स्तर आहेत. रायफलची ५.५६ मिलिमीटरची गोळी जुन्या ‘तीन’ स्तराच्या चाचणीत नव्हती, ती नव्या मानकात आली आहे. म्हणून रायफलचा धोका असलेल्याने केवळ ‘तीन’ हा आकडा पाहून प्लेट घेऊ नये.

नागरिकाला रोज घालण्यासाठी बहुधा मऊ जॅकेटच योग्य ठरते, कारण ते सदऱ्याखाली घालता येते. दोन प्लेटचे ओझे सहज पाच-सहा किलोच्या घरात जाते. उकाड्यात दिवसभर ते वाहणे कठीण असते आणि कंटाळून काढून ठेवलेले जॅकेट कोणालाही वाचवत नाही. पोलादी प्लेट स्वस्त मिळते, पण तिच्यावर आपटून फुटलेल्या गोळीचे तुकडे वर उडून हनुवटीला, मानेला आणि दंडाला इजा करू शकतात, म्हणून तिची शिफारस मी करणार नाही. पोलिसांत पूर्वीपासून पाळला जाणारा एक नियम शस्त्र बाळगणाऱ्या नागरिकानेही पाळावा : आपले जॅकेट निदान आपल्याच पिस्तुलाच्या गोळीला पुरून उरणारे असावे, कारण झटापटीत ते पिस्तूल हिसकावले जाऊ शकते. माप अंगावर घेऊनच ठरवावे. जॅकेट सैल असेल तर बाजूला फट पडते, आणि लांब असेल तर बसताना ते वर सरकून गळ्याशी येते.

प्रश्न : जॅकेट बाळगण्यासाठी कायद्याने परवानगी लागते का? बंदुकीचा परवाना त्यासाठी पुरतो का?

उत्तर : देशागणिक आणि काही देशांत प्रांतागणिक नियम वेगळे आहेत. अमेरिकेत संघीय कायद्यानुसार हिंसक स्वरूपाच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला जॅकेट बाळगण्यास मनाई आहे, आणि न्यू यॉर्क राज्याने २०२२ पासून ठरावीक व्यवसायांतील लोकांखेरीज इतरांना त्याची विक्री बंद केली आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांत जॅकेटसाठी परवाना लागतो, परंतु वैध बंदूक परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वपरवानगीशिवाय ते आयात करता येत नाही. म्हणून आपल्या ठिकाणचा नियम परवाना देणाऱ्या कार्यालयातून लेखी समजून घ्यावा आणि परदेशी जाताना जॅकेट सामानात ठेवण्यापूर्वी त्या देशाचा नियमही पाहावा.

प्रश्न : एका निवृत्त नातेवाइकाने त्याचे जुने जॅकेट मला देऊ केले आहे. वरून ते उत्तम स्थितीत दिसते. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. बाहेरचे कापड कितीही चांगले दिसले तरी आतील धाग्यांची ताकद डोळ्यांनी कळत नाही. ओलावा, उष्णता, सूर्यप्रकाश आणि रोजच्या घड्या यांनी ती कमी होत जाते, आणि उत्पादक मऊ जॅकेटची हमी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचीच देतात. झायलॉन या धाग्याची हकीकत या बाबतीत आठवण्यासारखी आहे. २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावरील झायलॉनचे जॅकेट, ते फार जुने नसतानाही, गोळीने भेदले. पुढे तपासण्या झाल्या आणि २००५ मध्ये त्या धाग्याच्या जॅकेटांची मान्यता काढून घेण्यात आली. शिवाय जुने जॅकेट दुसऱ्याच्या मापाचे असते. नातेवाइकाला आपल्या नकाराचे कारण सांगावे आणि जॅकेटचे आतले भाग कापून निकामी करण्यास सुचवावे, म्हणजे ते पुढे आणखी कोणाच्या अंगावर जाणार नाही.